पंचनाम्यावांचून झडती



पोलिस एखाद्या गृहस्थाच्या दारांत झडतीसाठीं उभे राहिले, तर कायद्यानें त्यांना कांहीं रीत पाळावी लागते. सामान्यतः न्यायालयाचें वॉरंट लागतें. निकडीच्या प्रसंगीं वॉरंटावांचूनहि घरांत शिरतां येतें. पण तेव्हां कारणें लिहून ठेवावीं लागतात, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें त्या टिपणाची प्रत ४८ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्याकडे धाडावी लागते. आसपासचे निदान दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. घरधन्याला हजर राहूं द्यावें लागतें, आणि जप्त केलेल्या वस्तूंची यादी त्याच्या हातीं पडते. पंचनामा हा शब्द आपल्या घराघरांत ठाऊक आहे, तो याचमुळें.

आतां त्याच गृहस्थाच्या टेलिफोनकडे पाहूं. सरकारनें त्याचीं संभाषणें ऐकावयाचें ठरविलें, तर तेथें वॉरंट नाहीं, पंच नाहींत आणि यादीहि नाहीं. कपाटांतल्या चार वस्तूंना जें संरक्षण मिळतें, तें पति-पत्नींच्या, वकील-अशिलांच्या, वैद्य-रोग्यांच्या बोलण्याला मिळत नाहीं. हें कसें घडलें, तें आज सांगावयाचें आहे.

या अधिकाराचें मूळ १८८५ च्या तारेच्या कायद्यांत आहे. परकी सरकारनें केलेला हा कायदा स्वातंत्र्यानंतरहि चालू राहिला. पुढें त्यांत दुरुस्ती होऊन बंधनें आलीं: सार्वजनिक आणीबाणी असावी, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला जरूर असावें, शिवाय देशाची अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अथवा अपराधाच्या चिथावणीला आळा यांपैकीं एक कारण असावें, आणि तें लेखी नमूद व्हावें. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें जुन्या कायद्याची जागा घेतली. पण हा अधिकार जवळजवळ त्याच शब्दांत नव्या कायद्यांत उतरला आहे.

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या अर्जावर महत्त्वाचा निकाल दिला. टेलिफोनवरील खासगी बोलणें हा माणसाच्या खासगीपणाचाच भाग होय, असें त्यानें ठरविलें. आदेश गृहसचिवानेंच काढावा, दुसऱ्या मार्गानें माहिती मिळण्याजोगी आहे काय तें पाहावें, सहा महिन्यांपलीकडे ऐकूं नये आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीनें आदेश तपासावे, असे नियमहि घालून दिले. परंतु ऐकण्यापूर्वीं न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मात्र मान्य झाली नाहीं. कायद्यांतच तशी तरतूद नसल्यानें तें न्यायालयाला करतां येत नाहीं, असें सांगण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं, मागणारें खातें सरकारचें, परवानगी देणारा सचिव सरकारचा, आणि तपासणारी समितीहि सरकारी सचिवांचीच. २०२४ च्या डिसेंबरांत निघालेल्या नव्या नियमांतहि न्यायाधीशाला जागा मिळालेली नाहीं.

ही तपासणी कितपत होऊं शकते? येथें शाळेंतील त्रैराशिक उपयोगी पडेल. केंद्र सरकारकडून दरमहा ७,५०० ते ९,००० आदेश निघतात, अशी माहिती माहिती-अधिकाराखालीं उघड झाली होती. समितीची बैठक दोन महिन्यांतून एकदां. तेव्हां प्रत्येक बैठकीपुढें १५,००० ते १८,००० आदेश येतात. ही गोष्ट न्यायमूर्ति श्रीकृष्ण समितीनें २०१८ च्या अहवालांत दाखवून दिली. बैठक आठ तास अखंड चालली असें धरलें, तरी एका आदेशाच्या वांट्याला दोन सेकंदहि येत नाहींत. तेवढ्या वेळांत नांवसुद्धां नीट वाचून होणार नाहीं. मग कारण पटण्याजोगें आहे कीं नाहीं, हें कोणी पाहावें?

आपल्या राज्यघटनेंत खासगीपणा हा शब्द नाहीं. १९६२ च्या खरकसिंग खटल्यांत पोलिसांनीं रात्रीं-अपरात्रीं घरीं येऊन पाहणी करणें सर्वोच्च न्यायालयानें बेकायदा ठरविलें, तरी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असें बहुमतानें मानलें नाहीं. तो हक्क २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायमूर्तींनीं एकमतानें मान्य केला. सरकारला त्यांत हात घालावयाचा तर कायद्याचा आधार हवा, हेतु योग्य हवा, आणि उपाय गरजेपेक्षां जड नसावा, अशी कसोटी तेथें सांगितली गेली. ही कसोटी लावून मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ मध्यें लांचेच्या आरोपांत गुंतलेल्या एका व्यावसायिकाच्या टेलिफोनवर पाळत ठेवण्याचे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेलीं संभाषणें नष्ट करण्यास सांगितलें. सार्वजनिक आणीबाणी अथवा सुरक्षितता यांचा त्या प्रकरणाशीं संबंध नव्हता, असें न्यायालयाला दिसून आलें.

पण येथेंच खरी मेख आहे. त्या गृहस्थाला दाद मागतां आली, कारण त्याच्यावर खटला झाला आणि आपलें बोलणें ऐकलें गेल्याचें त्याला कळलें. ज्याच्या बोलण्यांत कांहींच आक्षेपार्ह सांपडत नाहीं, त्याला तें कधींच कळविलें जात नाहीं. म्हणजे आरोपीला न्यायालयाचें दार उघडें, आणि निर्दोष माणसाला मात्र बंद! "माझ्याजवळ लपविण्यासारखें कांहीं नाहीं," असें म्हणणाऱ्या सज्जनांनीं हें ध्यानीं घ्यावें.

सरकारनें कोणाचेंच बोलणें ऐकूं नये, असा याचा अर्थ नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यांत हल्लेखोर व त्यांचे सीमेपलीकडील सूत्रधार यांचीं संभाषणें टिपलीं गेलीं, आणि तीं पुढें खटल्यांत पुरावा म्हणून उपयोगी पडलीं. प्रश्न ऐकण्याचा नाहीं. कोणाला विचारून ऐकावें, हा आहे. अमेरिकेंत परदेशी हेरगिरीसंबंधींचे नियम निराळे व सैल आहेत. पण साध्या गुन्ह्यांच्या तपासासाठीं १९६८ च्या कायद्यानें न्यायाधीशाचा हुकूम आवश्यक केला आहे. तांतडी असल्यास अगोदर ऐकून ४८ तासांत अर्ज करतां येतो, आणि ऐकणें संपल्यावर सामान्यतः ९० दिवसांत त्या माणसाला तसें कळवावें लागतें. एवढ्यानें तेथील गुन्ह्यांचा तपास बंद पडलेला नाहीं.

आपल्याकडेहि इतकें होणें अशक्य नाहीं: सरकारबाहेरच्या न्यायाधीशाची सही, काम संपल्यावर त्या माणसाला खबर, आणि दरसाल आदेशांची संख्या लोकांपुढें. घराच्या झडतीला आपण पंच मागतों, ते सगळे पोलिस वाईट असतात म्हणून नव्हे. भल्या माणसाच्या हातींहि निरंकुश सत्ता सोंपवूं नये, म्हणून. मनाच्या झडतीला निदान तेवढा तरी पंच असावा, ही मागणी प्रत्येक घरानें आपल्या प्रतिनिधीपाशीं केली पाहिजे.