२४६ रुपये

वनाजला मेट्रोतून उतरून रिक्षात बसले की माझ्या तोंडून अजूनही 'कचरा डेपोपाशी' असंच निघतं, आणि रिक्षावाला पन्नाशीपुढचा असेल तर त्याला ते बरोबर कळतं. डेपो तिथून हलून जमाना झाला. त्या जागेवर शिवसृष्टी व्हावी की मेट्रो, यावरून पुणेकर काही वर्षं हौसेने भांडले. शेवटी मेट्रो जिंकली आणि ६ मार्च २०२२ला वनाजहून गरवारे कॉलेजपर्यंत गाडी सुरू झाली. कचरा मात्र कुठेच गेला नव्हता. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरींशेजारी जाऊन पडला होता. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या की आमच्याकडे दोन दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यांवर ढीग लागायचे आणि लोक म्हणायचे, "या गावकऱ्यांनी शहर वेठीला धरलंय." वेठीला नेमकं कोण, हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. २०१७मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, नंतर पुन्हा वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. आत घेतली तेव्हा आणि बाहेर काढली तेव्हाही, कचऱ्याचा डोंगर जागच्या जागी होता.

टेकडी फोडून रस्ता होणार म्हटलं की भल्या पहाटे टेकडीवर जमणारं हे शहर. मीही त्यात असते. तरी या शहराचं पर्यावरणप्रेम मोजायचं झालं तर मी टेकडीवर जाणार नाही, जिन्यात, कचऱ्याच्या डब्यांपाशी उभी राहीन. हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका अहवालातल्या आकड्यामुळे.

अहवाल २००१चा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या कचरावेचकांचा, भंगारवाल्यांचा आणि पुढच्या कारखान्यांचा अभ्यास केला होता. त्यात असा हिशेब निघाला की एकेक कचरावेचक दर महिन्याला महापालिकेसाठी २४६ रुपयांचं काम फुकट करते. तिने उचललेला कागद, काच, पत्रा पालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही. तिची स्वतःची कमाई भंगारवाल्याच्या काट्यावर ठरते, ती यात धरलेलीच नाही. म्हणजे जिला आपण शहराची घाण समजत होतो, ती शहराची सावकार होती आणि कर्ज बिनव्याजी होतं.

हा हिशेब मांडणाऱ्या दोघी मुळात शिकवायला गेल्या होत्या. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुणे केंद्राचे साक्षरतेचे वर्ग चालत. कचरा वेचणारी मुलं वर्गाला यायची, म्हणून शिक्षिका त्यांच्या मागोमाग कंटेनरपर्यंत गेल्या. तिथे मुलांच्या आया होत्या, कंबरेपर्यंत कचऱ्यात वाकलेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींची घरं १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली, बहुतेक मातंग किंवा महार. कचरा मुळात घरातच वेगळा करून मिळाला तर? पाठीवरचं ओझं तेवढंच राहील, पण कागद कोरडा येईल आणि कोरड्या कागदाला भाव येतो. म्हणून विद्यापीठाच्या ओळखपत्रावर तीसेक बायका एका चांगल्या वस्तीत दारोदार जाऊ लागल्या.

थोड्याच दिवसांत त्याच वस्तीत एका उद्योजकाने पैसे घेऊन घरोघरचा कचरा उचलणारी गाडी आणली. रहिवाशांच्या दृष्टीने ती सोयच: गाडी, हॉर्न, स्वच्छ माणूस. बायका निषेधाला उभ्या राहिल्या आणि गाडीला माघार घ्यावी लागली. पुढे या प्रसंगाला कचऱ्याचं चिपको म्हटलं गेलं. मला ही उपमा फार आवडते, पण चिपको म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे झाडच येतं. कुजक्या भाजीच्या ढिगाला कवटाळलेली बाई पर्यावरणवाल्यांच्या कॅलेंडरवर अजून तरी आलेली नाही.

१९९३च्या मे महिन्यात हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव, मोहन ननावरे आणि एसएनडीटीच्या या मंडळींनी परिषद भरवली. तिला आठशेवर कचरावेचक आले आणि त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ननावरे स्वतः कचरावेचक बाईचे चिरंजीव. आढावांच्या नावापुढे त्यांचं नाव कुणाला आठवत नाही म्हणून इथे मुद्दाम लिहिते. पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं आली. ती हातात नव्हती तोवर पहाटे बोचकं घेऊन जाणारी बाई पोलिसांच्या लेखी चोर असायची. २००२-०३मध्ये पालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांचा आरोग्यविमा काढला, तेव्हा पंचायतीच्या हातात २४६चा आकडा होता. दान नको, हिशेब करा, एवढंच म्हणणं.

२००८मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघरी जाऊ लागली आणि गोष्ट आमच्या दारात आली. कारण आता घरटी महिन्याचे पैसे द्यायचे होते. "मालमत्ता कर भरतो ना आम्ही?" हे वाक्य मी पुण्यातल्या सगळ्या पेठांत आणि सगळ्या उच्चारांत ऐकलंय. पंचायतीच्या बायकांचं यावर साधं उत्तर असतं: आम्हाला कचरेवाली म्हणू नका, कचरा तुमचा आहे, कचरेवाले तुम्ही.

२०१३मध्ये त्यांनी याहून कडक उत्तर दिलं. वापरलेली सॅनिटरी पॅड पाकिटांत भरून ती बनवणाऱ्या बड्या कंपन्यांना परत पाठवून दिली. पुढे २०१७मध्ये रहिवाशांसाठी लाल ठिपका आला: पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडून बघावी लागणार नाही. स्केचपेनचा एक ठिपका. आमच्या चार मजल्यांवर तो नियमाने काढणारं एकच घर आहे. तिथली सून आधी कॉलेजात पथनाट्यं करायची.

आमच्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेला मी वही घेऊन बसले होते. गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा ठराव चहा येण्याआधी मंजूर झाला. वीजबिल किती उतरेल याचा कागदच सचिवांनी वाटला होता. कचऱ्याचे घरटी दहा रुपये वाढवायचे की नाही, यावर मात्र पाऊण तास गेला. "तत्त्वाचा प्रश्न आहे," असं तीन जण म्हणाले. आमचा कचरा नेणाऱ्या मावशी तेव्हा खाली पार्किंगच्या कोपऱ्यात दुधाच्या पिशव्या झटकून एकात एक घालत होत्या. उभं राहून निवडताना पाठ धरते, म्हणून तिथे एक ओटा बांधून मिळावा, शेजारी नळ असावा, असं त्यांनी माझ्याकडे दोनदा बोलून दाखवलं होतं. मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, सूचना चांगली आहे, पण तो कोपरा इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगला ठेवलाय."

खाली आले तेव्हा मावशींनी विचारलं, "ताई, ओट्याचं काय झालं?"