पेन ड्राइव्ह न शोधता

घरात विंडोज, मॅक आणि लिनक्स असे तिन्ही संगणक नांदत असले तरी फाइल द्यायला-घ्यायला अडत नाही. तिघांनाही एसएमबी हा नियमसंच कळतो. तो आयबीएममध्ये जन्मला, मायक्रोसॉफ्टने वाढवला. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२च्या सुमारास त्याची उकल करून युनिक्ससाठी जे लिहिलं, तेच पुढे लिनक्सवरही चालणारं 'सांबा' झालं. ॲपलनेही २०१३च्या मॅव्हरिक्सपासून आपली जुनी पद्धत मागे सारून एसएमबीला पहिली पसंती दिली.

अट एवढीच, की सगळे संगणक एकाच राउटरवर हवेत. (पाहुण्यांसाठीचं वायफाय सहसा चालत नाही, आणि नेमकं तेच जोडलेलं असतं!) शेअर केलेल्या फोल्डरला पासवर्ड ठेवाच. एसएमबीची पहिली आवृत्ती मात्र बंदच असू द्या. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम तिच्यातल्याच फटीतून जगभर पसरला.

फाइलींसारखंच इंटरनेटही वाटता येतं, पण ते आता राउटरचं काम. १९९९मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत एका संगणकाचं नेट इतरांना वाटायची सोय आली, तेव्हा मोडेम जोडलेला संगणक सतत चालू ठेवावा लागे. तो बंद केला, की बाकीच्यांचंही नेट गेलं.