पऱ्हाटीची राख की मातीचे अन्न?

पौष महिना लागला की नांदगाव तालुक्यातील शिवारांत सायंकाळी धुराचे लोट दिसू लागतात. शेवटची वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधाशी रचल्या जातात. काही चुलीसाठी घरी जातात, उरलेल्यांना काडी लावली जाते. मक्याची ताटे बहुतांशी गुरांच्या मुखी लागतात, परंतु दाणे काढलेली कणसे व खोडके पुष्कळदा त्याच वाटेने जातात. नांदगाव, बोलठाण, न्यायडोंगरी येथील बाजारांत मका, कापूस आणि कांद्याचा व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांचा या अग्नीशी संबंध नाही, असे वरवर वाटते. पण ज्या मालावर आपली पेढी चालते, त्याचाच हा उरलेला भाग आहे.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा आपल्यासारखाच व्यापारी होता. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात. शिवाय दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे आणि पाचशे नांगर, इतक्यावर त्याने आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधली. त्याच सूत्रात श्रावकाने वर्ज्य करावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत ‘दवग्गिदावणया’ आहे, म्हणजे रान किंवा भूमी साफ करण्यासाठी आग लावणे. जमीन फोडण्याचे ‘फोडीकम्म’ही त्याच यादीत आहे, हे प्रामाणिकपणे सांगावयास हवे. शेती सर्वस्वी निर्दोष नाही. मात्र जो आरंभ टाळता येतो तो टाळणे, हीच यतना. आणि पऱ्हाटी जाळणे निश्चितपणे टाळता येते.

जाळल्याने नेमके काय होते? पऱ्हाटीतील कर्ब आणि बहुतेक सर्व नत्र हवेत निघून जाते. पालाश व चुना राखेत उरतो, पण ती राखही उन्हाळ्याच्या वाऱ्यावर उडते. ढिगाऱ्याखालच्या मातीतील असंख्य जीव होरपळतात. कापसाच्या एका हेक्टरातून साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. सातमाळ्याच्या पायथ्याच्या या अवर्षणप्रवण भागात पुष्कळ जमिनी हलक्या व मुरमाड आहेत. पावसाने ओढ दिली की पीक तगते ते मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर, आणि ती ओल धरण्याचे काम मातीतील कुजलेला सेंद्रिय अंश करतो. दुष्काळी तालुक्यात तोच जाळून टाकावा, यासारखा तोट्याचा सौदा दुसरा नसेल.

याच पऱ्हाटीचा विचार शंभर वर्षांपूर्वी इंदूरला झाला आहे. १९२४ ते १९३१ या काळात तेथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची रीत बसविली; १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर ग्रंथ निघाला. पऱ्हाटी टणक, ती लवकर कुजत नाही. त्यावर त्यांचा उपाय अगदी साधा होता. शेतातल्या रस्त्यावर ती पसरायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली तिचा भुगा होऊ द्यायचा! मग शेण, माती, थोडी राख व पाणी देऊन थर रचायचे, अधूनमधून खालीवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार. आज चाकांच्या जागी ट्रॅक्टरवरचे श्रेडर यंत्र आले आहे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शेण कमी असलेल्या शेतकऱ्यासाठी ‘नाडेप’ टाके दिले. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत हवेसाठी भोके. सुमारे १४०० किलो काडीकचरा, अवघे शंभर किलो शेण, १७५० किलो कोरडी माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी. साडेतीन-चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत मिळते.

कोस्टा रिकात तर कॉफीच्या फळांचा टाकाऊ गर ३० ट्रक भरून नापीक कुरणाच्या तुकड्यावर अर्धा मीटर जाडीने पसरला गेला. दोन वर्षांत तेथे ८० टक्के भूमी झाडोऱ्याने झाकली. शेजारच्या तशाच सोडलेल्या तुकड्यात २० टक्के. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे कॉफी नाही, पण बाजाराच्या कडेला टाकली जाणारी कांद्याची पात, टरफले आणि सडका माल आहे. कांदा आपल्या ताटात नसला तरी आपल्या वहीत असतो! कोरड्या पऱ्हाटीला हवी असलेली ओल त्यातून मिळते. मात्र असे खत पुन्हा कांद्याच्याच रानात घालू नये, रोगाचे बीज उरण्याची भीती असते.

काही श्राविका विचारतील, कुजण्यातही जीवोत्पत्ती आहेच ना? आहे. पऱ्हाटीच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीही असते, ती यंत्रात वा ढिगाच्या उष्णतेत वाचत नाही. पण ती आगीतही वाचत नाही, आणि आगीत ढिगाऱ्याखालच्या मातीतले जीवही होरपळतात. शिवाय नाडेपमध्ये बाहेरून गांडुळे आणून सोडावी लागत नाहीत. तुलना अल्पदोष आणि महादोष यांची आहे.

आपल्या पेढ्यांनी यात काय करावे? श्रेडर एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही. चार-पाच आडत्यांनी मिळून घेतले तर हंगामात गावोगाव फिरू शकते. पांजरापोळ व गोशाळांतील शेणालाही त्यातून वाट मिळेल.

खरी अडचण पाण्याची आहे. चैत्र-वैशाखात जेथे पिण्यासाठी टँकर येतो, तेथे टाक्यासाठी दोन हजार लिटर पाणी कोण देईल? म्हणून टाके पौषातच भरावे. तेव्हा विहिरींना थोडे पाणी असते, बोंडअळीसाठीही पऱ्हाटी जानेवारीअखेर रानाबाहेर काढावीच लागते आणि चातुर्मासात माती उकरण्याचा प्रसंग येत नाही. पौषात लिंपलेले टाके वैशाखात उघडते. मृगाच्या आधी खत रानात पडते.