इन्सुलिन घेतल्यानंतर छातीत धडधड का होते?

सकाळी इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले, काही कारणाने नाश्ता लांबला आणि थोड्या वेळाने छातीत धडधडू लागले, हात थरथरले, कपाळावर घाम आला. अशा वेळी घरच्यांना पहिली शंका येते ती हार्ट अटॅकची. दुसरी, इंजेक्शन ‘बाधल्याची’. पण पुष्कळदा कारण वेगळेच असते. रक्तातली साखर खूप खाली आलेली असते.

इन्सुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. निरोगी माणसाची साखर उतरू लागली की स्वादुपिंड हात आखडता घेते. इंजेक्शनमधल्या इन्सुलिनला ही सोय नाही. एकदा त्वचेखाली गेले की माणूस जेवला की उपाशी, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. एकादशीच्या दिवशी नेहमीचाच डोस घेतला तर त्रास होतो तो यामुळेच.

साखर साधारण ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर अ‍ॅड्रिनलिन सोडते. त्यामुळे यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि त्याच झटक्यात हृदयाचे ठोकेही वाढतात. म्हणजे ही धडधड बहुधा हृदयाचा बिघाड नसून धोक्याची घंटा असते. ज्यांची साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली आहे, त्यांना ही घंटा ७०च्या वरही ऐकू येऊ शकते.

म्हणून आधी ग्लुकोमीटर. मशीन जवळ नसेल तर साखर कमी झाली आहे असे समजूनच चालावे. शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजूनही कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. आपल्याकडे घाईघाईने पेढा किंवा चॉकलेट दिले जाते, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही. त्यांना ग्लुकोज पावडरच हवी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, थेट १०८ला फोन करावा.

खरी काळजी आहे ती घंटाच न वाजण्याची. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी मेटोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. घाम मात्र येतो. साखर वारंवार खाली जात राहिली तरी शरीराचा हा इशारा बोथट होतो. मग माणूस एकदम असंबद्ध बोलू लागतो किंवा कोसळतो.

साखर व्यवस्थित असूनही धडधड होत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा चक्कर येऊन पडणे असेल तर मीटर शोधत बसू नये, रुग्णालय गाठावे.

धडधडीला घाबरून काहीजण इन्सुलिनच बंद करतात. टाइप १ मधुमेहात हे जिवावर बेतू शकते. डोस किती, कधी घेतला, त्याआधी काय खाल्ले आणि धडधडताना मीटरवर किती आकडा होता, एवढे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवले तर डोस बदलायचा की जेवणाची वेळ, हे त्यांना ठरवता येते.