डोंगर धूसर, ऊस मात्र स्वच्छ

पुणे जिल्ह्यात शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत दोन पारगावे आहेत. एक जुन्नरमधले पारगाव तर्फे आळे, दुसरे आंबेगावातले, भीमाशंकर साखर कारखान्याचे पारगाव. या पट्ट्यात पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले की देखावा साधारण सारखाच असतो : पुढ्यात ऊस, मधे शेतशिवार आणि मागे सह्याद्रीच्या रांगा. दोन मीटरवरचे पान आणि कित्येक किलोमीटरवरचा डोंगर एकाच चौकटीत येतात. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

कपाटातून बाहेर निघालेला फिल्मचा कॅमेरा नेमका इथेच नापास होतो. रोल धुऊन येतो तेव्हा उसाची पाती रेखीव आणि डोंगर पुसट. मग कोणी धुक्याला बोल लावते, कोणी स्वतःच्या हाताला, तर कोणी रोल धुणाऱ्याला.

खरे तर अपराधी कोण हे फोटोच सांगतो. हात हलला असेल तर जवळचे-लांबचे सगळेच एका दिशेला ओढल्यासारखे दिसते. हवेतल्या धुरकटपणामुळे डोंगर फिका पडतो, पण त्याची कड जागेवर असते. फोकस चुकला असेल, तर चौकटीत कुठेतरी एक पट्टा बहुधा स्वच्छ सापडतो. तो ज्या अंतरावर असेल, तिथे भिंगाची नजर लागली होती.

ही चूक घडायला फार काही लागत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग फिल्मपासून ठरल्यापेक्षा फक्त ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतके, पुढे सरकले असले, की अनंताच्या (∞) खुणेवर लावलेला कॅमेरा प्रत्यक्षात २५ मीटरवर रोखलेला असतो. बांधावरचे बाभळीचे झाड सुरेख येते, डोंगर गेला! भिंग उलट आत बसले असेल, तर अनंताच्या खुणेवर काहीच स्वच्छ येत नाही. फोकसचे कडे थोडे मागे फिरवले की डोंगर जुळतो. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी हाच प्रकार मुद्दाम केला. भिंग अनंताच्याही पलीकडे नेऊन त्यांनी जगातल्या नामांकित इमारतींचे धूसर फोटो काढले आणि ते संग्रहालयांत लागले.

आपल्याकडे हा कागदभर फरक येतो कुठून? एसएलआर कॅमेऱ्यात आरसा ज्या फोमवर आपटतो तो काही दशकांत चिकट होऊन झडतो. त्याची घाण अडकली किंवा आरशाचा टेकू हलला, की आरसा चुकीच्या उंचीवर थांबतो. डोळ्याला दिसते एक, फिल्मवर उमटते दुसरे. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायचा असतो. कॅमेरा एकदा पडला की त्या जुळतात, पण भलत्याच अंतरावर. घडीच्या कॅमेऱ्यात पुढची चौकट किंचित कलली, तर फोटोची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी पुसट येते. आणि पावसाळ्यात भिंगाला लागलेली बुरशी काढायला कोणी हौसेने भिंग उघडले, ते परत बसवताना आटा चुकला, तर तो कॅमेरा जन्माचा आंधळा. असे बळी बरेच असावेत.

बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री या बिघाडांना अपवाद. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो काढणाऱ्या या साध्या कॅमेऱ्याला फोकसचे कडेच नव्हते. भिंग कारखान्यातच एका अंतरावर पक्के केलेले. फोटोच्या कडेचा मऊपणा त्याच्या साध्या भिंगातच होता. निगेटिव्हच्याच आकाराचा छोटा फोटो छापला तर हा मऊपणा दिसत नसे. आज स्कॅन करून पडदाभर मोठा केला की डोळ्यांत येतो.

भर दुपारी काढलेले फोटो बरे आणि तिन्हीसांजेचे बिघडलेले, असे का होते? वरच्या ५० मिलिमीटर भिंगाच्याच उदाहरणात एफ/२ वर भिंग पूर्ण उघडले, तर लांबचा बिंदू फिल्मवर ०.०५ मिलिमीटरचा ठिपका होतो. छिद्र एफ/११ पर्यंत लहान केले, तर तोच ०.०१ च्या आत. ३५ मिलिमीटर फिल्मवर ०.०३ पर्यंतचा ठिपका डोळा चालवून घेतो. म्हणजे दुपारच्या उन्हात छिद्र लहान होते आणि दोष झाकला जातो. तिन्हीसांजेला कमी उजेडासाठी ते उघडावे लागते. (तेव्हा उसाच्या कडेला ट्रायपॉड लावून बसावे का, हा जुन्नर-आंबेगावात फोटोग्राफीचा नसून बिबट्याचा प्रश्न आहे.)

धूसरपणा वाईटच असतो का, यावर फोटोग्राफर मंडळी शंभर वर्षांहून जास्त काळ भांडत आली आहेत. पीटर हेन्री इमर्सन यांनी १८८९ साली, डोळ्याला सगळेच सारखे रेखीव दिसत नाही, मग फोटोत का असावे, असा मुद्दा मांडला. १९३२ मध्ये अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि मंडळींनी गटाचे नावच ‘एफ/६४’, म्हणजे अगदी लहान छिद्र, असे ठेवून सगळे रेखीव हवे असा उलटा झेंडा उभारला. यात न्याय करायचा, तर तसाच धूसर फोटो ठरवून पुन्हा काढता येतो का, एवढे पाहावे. येत नसेल, तर तो बिघाड. त्याला शैली म्हणू नये.

जुन्या फोटोंना मात्र ही कसोटी लावू नये. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावाचा, त्या घोड नदीकाठचा कसाही पुसट फोटो कोणाच्या घरी असेल, तर तो आणि त्याची निगेटिव्ह जपायलाच हवी.

कॅमेऱ्याची तपासणी फुकटात होते. रोल काढून मागचे झाकण उघडावे, फिल्म टेकते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा, शटर ‘बी’वर दाबून धरावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि डोक्यावर काळे कापड घेऊन कागदावर उमटलेली लांबच्या डोंगराची कड वाचायच्या भिंगातून पाहावी. कडे अनंतावर असताना कड तीक्ष्ण दिसली तर भिंग जागेवर आहे. एसएलआर असेल तर तीच कड व्ह्यूफाइंडरमधूनही पडताळून घ्यावी. काही जुळत नसेल, तर दुरुस्तीला देताना ‘फोटो धूसर येतात’ एवढेच सांगून थांबू नये. कडे कितीवर होते, छिद्र किती होते आणि प्रत्यक्षात किती मीटरवरचे स्वच्छ आले, हे तीन आकडे कारागिराला लिहून द्यावेत.