सातशे रुपयांचं दशक

१२ एप्रिल २००५ला सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाला वीस वर्षं होऊन गेली. त्याआधीची आदिवासी भागासाठीची नवसंजीवनी योजना, १९९९मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा, हे सगळं एका दमात ओलांडतो.

मला बोलायचंय ते पुढच्या दहा वर्षांबद्दल. जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या खेड्यातल्या बाईला ७०० रुपये, तिला घेऊन येणाऱ्या आशाताईला वेगळा मोबदला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या टोल्यांवरच्या गोंड-हलबा बायकांसाठी बरं चाललंय असं वाटलं. पण महाराष्ट्र पडला संस्थात्मक बाळंतपणात 'पुढारलेला', म्हणून इथे अट : वय किमान १९ आणि फक्त पहिली दोन जिवंत अपत्यं. म्हणजे सतराव्या वर्षी दिवस गेलेली पोर बाद, तिसऱ्या खेपेची अशक्त बाईही बाद. ज्यांच्या जिवाला धोका जास्त, त्याच यादीबाहेर! मुंबई-पुण्याच्या आकड्यांचा भुर्दंड आमच्या देवरी तालुक्यातल्या ककोडीकडच्या बाईने भरला. ही अट काढायला मे २०१३ उजाडला. त्या आठ वर्षांचा राग माझ्या मनातून जात नाही.

तज्ज्ञांची गोष्ट तर विनोदीच. सरकारी तज्ज्ञ नसेल तिथे सिझेरियनसाठी खासगी डॉक्टर बोलवायला १५०० रुपयांपर्यंतची तरतूद होती. गोंदियातला भूलतज्ज्ञ आपला दवाखाना टाकून, रात्री जंगलातून चिचगडला तेवढ्यासाठी येईल, हे ठरवणाऱ्याने देवरीचा घाट पाहिला तरी होता का? तो यायचा नाही. अडलेली बाईच गाडीत घालून गोंदियाच्या गंगाबाई दवाखान्यात न्यायची.

हळहळ वाटते ती गावच्या आरोग्य समितीकडच्या वर्षाला १०,००० रुपयांच्या मुक्त निधीची. रक्कम तुटपुंजी, पण ती कशावर खर्चायची हे गावाने ठरवायचं. मध्यरात्री जीप हवी, तर भाडं त्यातून देता यायचं. आता मात्र बोलणं असतं ते आधार, बँक खातं आणि पोर्टलचं.

२०२४च्या सुरुवातीला आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, तेव्हा मार्चमध्ये महिन्याला ५,००० रुपयांची वाढ पदरात पडली. हक्काचीच होती. पण मिळाली सरसकट : हायवेलगतच्या वस्तीतल्या आशेला तेवढीच, आणि पावसाळ्यात नाला उतरण्याची वाट बघत काठावर उभ्या राहणाऱ्या आशेलाही तेवढीच.