कोयत्यामागून जाणारी मुले

बालाघाटाच्या डोंगररांगेत, आदिलशाही किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या धारूरच्या परिसरातून, दिवाळी सरते न सरते तोच, मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, बेळगावकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या मुलांच्या नावांपुढे पाच-सहा महिने गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. मूल वर्गात नाही, हे गुरुजींच्या ध्यानी येते. परंतु त्याची लस, गोळी आणि तपासणीही चुकली, याची दखल क्वचितच घेतली जाते.

जिल्हा परिषदेच्या शाळेला स्वतंत्र परिचारिका सहसा नसते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकातील परिचारिका हीच काय ती शाळेच्या वाट्याला येते, आणि तीही सामान्यतः वर्षातून एकदाच. ती भेट ऐन गाळपात झाली, तर ज्यांना तिची गरज सर्वाधिक ती मुले तेव्हा उसाच्या फडात असतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची एक तारीख १० फेब्रुवारी, म्हणजे नेमकी हंगामातली. दुसरी, १० ऑगस्टची, तेवढी त्यांना गावात लाभते.

शाळेची परिचारिका घरापर्यंत पोहोचली तर काय घडते, याचे एक जुने उदाहरण आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांची मुले खरूज, नायटा, डोळे येणे अशा विकारांपायी वर्गातून घरी पाठविली जात. उपचार मात्र कोणी करीत नसे. लीना रॉजर्स या परिचारिकेने चार शाळांत महिनाभर किरकोळ उपचार केले, घरोघर जाऊन मातांना समजावून सांगितले. मुले वर्गात परतू लागली आणि शहराने आणखी परिचारिका नेमल्या.

धारूरकडील परिचारिकेलाही घरापर्यंत पोहोचावयाचे, तर त्याचा मुहूर्त दसऱ्यापूर्वीचा आहे. निघणाऱ्या कुटुंबांची यादी गुरुजींकडून घेऊन त्या मुलांची तपासणी आधी उरकावी. दहाव्या व सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असल्यास टोचावी. वजन, उंची व औषधे लिहिलेले पत्रक आईच्या हाती द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात नव्याने चौकशी करावी लागणार नाही. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या मुलांचीही वेगळी विचारपूस व्हावी, कारण आईबापांच्या विरहाने अबोल झालेले मूल आजारी म्हणून कोणाच्या नजरेस येत नाही. पुढे पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, कुटुंब परतले, की तेच पत्रक मागून घेऊन मुलाला पुन्हा वजनकाट्यावर उभे करावे. पाचटाच्या खोपीत काढलेल्या हिवाळ्याचा हिशेब त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत कळतो.